पेटी आधी बघून घ्या

३ सप्टेंबर, सोमवार

आज नव्या टेबलावर बसलो. इतकी वर्षं वजनमापे खात्यात काढली. किराणा दुकानांचे तराजू, पेट्रोल पंपांची मापं, सोनारांचे काटे. आता बदली झाली आहे ‘सौंदर्योपचार केंद्रे नोंदणी व तपासणी कक्षा’त. कक्ष म्हणजे मी, एक टेबल आणि भिंतीकडे तोंड करून फिरणारा पंखा. फाइलीत जे बसणार नाही ते लिहायला ही वही काढली आहे.

मोठ्या साहेबांनी बोलावून काम समजावलं. कायदा नवा आहे. आपल्या भागात अशी अकरा क्लिनिकं आहेत. तिथे सुरकुत्या घालवणं, ओठ भरणं, डाग काढणं वगैरे चालतं. दर मंगळवारी आणि गुरुवारी एक क्लिनिक बघायचं आणि नियमात बसलं तर प्रमाणपत्र द्यायचं. मी म्हटलं, चेहऱ्यातलं मला काय कळतं. ते म्हणाले, “चेहरे कोणी सांगितलेत तपासायला? केंद्र तपासा.” तारीख आठ दिवस आधी कळवायची असंही त्यांनी बजावलं. डॉक्टर लोक आहेत, अचानक जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

वजनमापे खात्यात आम्ही अचानकच जायचो. नाहीतर दुकानदार शेजारच्याची खरी वजनं उसनी आणून आमच्यापुढे मांडायचे. त्यासाठी वजनावर ठसा मारायची पद्धत होती. इथे तो प्रश्न येत नाही. शिकली-सवरलेली माणसं आहेत.

घरी आल्यावर हिला सांगितलं. मुलगा शिकायला परगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बातमी सांगायला दुसरं कोणी नाही. हिच्या कपाळावर तीन आठ्या पडतात. वरची पडली तर डोकं दुखतंय. खालची नळ गळणं, दूध नासणं असल्या कारणांची. मधली माझी. लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढ्या काळात आमचं बोलण्यापेक्षा आठ्यांवर जास्त भागलं आहे. घरात शिरलो की मी आधी कपाळ बघतो, मग चपला काढतो.

“म्हणजे आता तुम्ही बायकांचे चेहरे बघत फिरणार,” ही म्हणाली. मधली अर्धी होती.

“केंद्र बघणार,” मी म्हटलं. मधली पूर्ण झाली.

११ सप्टेंबर, मंगळवार

पहिली तपासणी. दुसरा मजला, लिफ्टमध्ये आरसा, आत सगळं पांढरं. टेबलावरचं फूल खरं की प्लॅस्टिकचं ते बघायला मी पाकळी दाबली, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “सर, ते राहू द्या.” प्लॅस्टिकचं होतं.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. पन्नाशीचे असावेत, पण चेहऱ्यावर त्याचा काही पुरावा नाही. मनातल्या मनात मी त्यांचं नाव गुळगुळीत डॉक्टर ठेवलं. भागातल्या सगळ्या क्लिनिकांच्या संघटनेचे तेच चिटणीस आहेत. बोलणं गोड. मी यादी काढून डिग्रीपासून सुरुवात करणार, तेवढ्यात ते म्हणाले, “पेटी आधी बघून घ्या, साहेब.”

नियम सात. प्रत्येक केंद्रात आपत्कालीन पेटी हवी, हाताशी हवी, आतली औषधं मुदतीतली हवीत. त्यांची पेटी लाल, चांगली ऐसपैस. झाकणाचा उजवा कोपरा तेवढा तुटलेला आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी. आत इंजेक्शनं, ऑक्सिजनचा मास्क आणि एका खणात छोट्या कुप्यांची रांग. मी विचारलं, या कशासाठी.

“फिलर म्हणजे जेल असतं,” ते म्हणाले. “सुरकुतीखाली भरतो. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचं रक्त थांबतं. कातडी आधी पांढरी पडते, मग जांभळी होते, मग मरते. नाकाजवळ झालं तर डोळासुद्धा जाऊ शकतो. या कुपीतलं औषध ते जेल विरघळवतं. लगेच दिलं तर निभावतं.”

“आणि उशीर झाला तर?”

“उशीर होऊ नये म्हणून तर पेटी, साहेब.”

उत्तर पटलं. फ्रिजचं तापमान, वापरलेल्या सुया टाकायचा डबा, हात धुवायची जागा, सगळं चोख. तिथेच प्रमाणपत्रावर सही केली. त्यांनी ते लगेच फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलं. फ्रेम तयारच होती.

रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं. वजनमापे खात्याच्या गोष्टी हिने कधी दुसऱ्यांदा ऐकल्या नाहीत. आज मात्र विचारत होती.

“माझ्या वयाच्या बायका येतात का तिथे?”

“जास्त करून त्याच.”

“कशा दिसतात?”

“ते यादीत नाही.”

थोड्या वेळाने म्हणाली, “आणि समजा कोणाला जायचं असलं, तर त्यातल्या त्यात चांगलं कुठलं?”

“भिंतीवर आमचं प्रमाणपत्र असेल ते कुठलंही,” मी म्हटलं. एखाद्या क्लिनिकची शिफारस करणं माझ्या पदाला शोभत नाही. शिवाय सध्या प्रमाणपत्र एकाकडेच आहे.

१३ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं क्लिनिक, चपलांच्या दुकानाशेजारी. डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईच्या. “पेटी आधी बघून घ्या ना, सर.” लाल पेटी. गंमत म्हणजे हिच्याही झाकणाचा उजवा कोपरा तुटलेला, वर पांढरी चिकटपट्टी. एकाच पेटीचा असता तर हाताळताना तुटला म्हटलं असतं. दोन्हींचा तोच कोपरा म्हणजे मालातच दोष आहे. संघटनेने उत्पादकाला लेखी कळवावं, अशी शिफारस अहवालात केली.

माझं बघून झाल्याबरोबर एका मुलीने पेटी उचलली आणि “जागेवर ठेवते” म्हणून बाहेर नेली. व्यवस्थितपणा आवडला. माझं निळं पेन मात्र तिथेच कुठेतरी राहिलं. टोपण मी चावतो, त्यामुळे दुसरं कोणी ते ठेवून घेणार नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

तिसरं. पेटीची तीच पद्धत, तोच कोपरा. आत कुप्यांच्या खणात एक निळं पेन होतं, टोपण चावलेलं. डॉक्टर लोकांनाही ही सवय असते म्हणायची. माझं हरवलेलं असल्याने क्षणभर मोह झाला, पण निरीक्षकाने क्लिनिकची वस्तू खिशात घालणं बरं दिसत नाही. ठेवून दिलं.

खाली स्कूटरवर एक हेल्मेटवाला थांबला होता. गेल्या गुरुवारीही होता. या भागातली कुरिअर सेवा चांगली दिसते.

तपासणीच्या दिवशी मला घरी यायला उशीर होतो. आज आलो तर मेहुणी बसली होती. हिची धाकटी बहीण, दोघी बाजारात जाऊन आल्या म्हणे. पिशवी काही दिसली नाही. हिच्या कपाळावर बारीक लाल ठिपके होते. डास, असं दोघी एकदमच म्हणाल्या. उद्या जाळीवाल्याला बोलावतो.

२६ सप्टेंबर, बुधवार

घरात काहीतरी बदललं आहे. पाहुण्यांच्या खुर्चीवर मी ओला टॉवेल टाकला, हिने पाहिलं, आणि आठी पडली नाही. मी जरा थांबून बघितलं. काही नाही. संध्याकाळी मुद्दाम चहाचा कप वर्तमानपत्रावर ठेवला. कपाळ कोरं. ही म्हणाली, “कप उचला,” पण आवाजावर मी फारसा जात नाही.

मला वाटतं नवं काम मला मानवलं तसं हिलाही मानवलं. मी घरी येऊन चार गोष्टी सांगतो, ही ऐकते, मन रमतं. माणसाला एवढंच हवं असतं.

जाळीवाला येऊन गेला. म्हणाला, जाळी धडधाकट आहे.

३० सप्टेंबर, रविवार

आज मुलाला भेटायला जायचं ठरलं होतं. मी अहवाल लिहीत बसलो आणि गाडी गेली. लक्षात आलं तेव्हा ही साडी नेसून, डबा भरून, दाराशी बसलेली. मी कपाळ बघितलं. एक रेघ नाही. जीव भांड्यात पडला.

“पुढच्या रविवारी जाऊ,” मी म्हटलं.

“मला राग आलाय,” ही म्हणाली.

मी परत नीट बघितलं. चेहरा अगदी शांत. मग लक्षात आलं की ही गंमत करते आहे. मी हसलो. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. चोवीस वर्षांनी हिला विनोद सुचायला लागले याचं मला कौतुक वाटलं. डब्यातलं मी एकट्याने खाल्लं.

४ ऑक्टोबर, गुरुवार

मंगळवारी गांधी जयंतीची सुट्टी होती, ती तपासणी काल उरकली. आठ क्लिनिकं झाली, आठही पास. मोठे साहेब खूश आहेत. म्हणाले, “तुमच्या भागात पेट्या शंभर टक्के आहेत, बाकीच्यांची बोंब आहे.” वरून फक्त एक विचारणा आली आहे: यापुढे प्रत्येक कुपीचा बॅच नंबर अहवालात हवा. मी म्हटलं, एकेक कुपी बाहेर काढून लिहीन. मला घाई नसते.

आठही क्लिनिकांनी पेटी आधी दाखवली. सुरक्षेला पहिलं स्थान देण्याची ही वृत्ती मला दुकानदारांत कधी दिसली नव्हती.

७ ऑक्टोबर, रविवार

आज मुलाला भेटून आलो. तो हिच्याकडे बघून म्हणाला, “आई, तू वेगळीच दिसतेस.” ही लाजली. मी म्हटलं, आईचा स्वभाव बदललाय. दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

परत येताना गाडीत खिडकीशी बसून ही काचेत स्वतःला बघत होती. नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत बोट फिरवत होती. मग मला विचारलं, “मंगळवारी तपासणी आहे ना?”

“आहे. नववी.”

“आणि तुमच्या त्या पहिल्या डॉक्टरांकडे ती पेटी असते ना? काही झालं तर?”

“असते. मी स्वतः उघडून बघितली आहे.”

“मग झालं,” ती म्हणाली.

माझ्या कामाच्या तारखा हिच्या लक्षात आहेत, नियम सात लक्षात आहे. वजनमापे खात्यात होतो तेव्हा हिने माझ्या कचेरीचा मजलासुद्धा कधी विचारला नव्हता. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर बोलायला जमत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

हॉस्पिटलात आहे. आज लिहिणं होणार नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

मंगळवारी नववं क्लिनिक. चष्मेवाले डॉक्टर, मितभाषी. पेटी समोर आली. मी पांढऱ्या रुमालावर एकेक कुपी मांडून बॅच नंबर उतरवायला घेतले. अक्षर बारीक होतं. नर्स दोनदा येऊन “झालं का, सर?” विचारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हातात फोन होता.

“सर, पेटी जरा लागतेय.”

“इथे तर पेशंट कोणी नाही.”

“इथे नाही, सर. दुसरीकडे.”

“आपत्कालीन पेटी केंद्राबाहेर नेता येत नाही,” मी म्हटलं. “नियम सात, पोटनियम दोन.” आणि झाकणावर हात ठेवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणी. तपासणी चालू असताना मी घरचे फोन घेत नाही, कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. चष्मेवाले डॉक्टर आतून धावत आले.

“साहेब, द्या ती. पेटी एकच आहे.”

“एकच कशी? मी आठ बघितल्यात.”

“तीच आठ वेळा बघितलीत.”

मला वाटतं त्याच वेळी मला सगळं कळायला हवं होतं. तुटका कोपरा, पेन, हेल्मेटवाला. कळलंही असेल. पण हात झाकणावरून उठला नाही. मी म्हटलं, “हे मला लेखी द्या.” हे मी खरोखर म्हटलं. नर्स रडायला लागली होती, आणि मी डॉक्टरांना कागद कुठला घ्यायचा ते सांगत होतो.

मग नर्सने तिचा फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, “तुमच्यासाठी आहे. पेशंट बोलतायत.”

मी कानाला लावला. शब्द जड येत होते, ओठ बधिर केलेले होते.

“अहो, पेटी सोडा,” ही म्हणाली.

आवाज लगेच ओळखला. बाकीचं डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि तो वेळ हिच्या चेहऱ्यावरून गेला. हेल्मेटवाल्याच्या मागे बसून मीच पेटी घेऊन निघालो. दोन्ही हात पेटीला, त्यामुळे धरायला काही नव्हतं. मांडीवर पेटी आणि समोर त्याची पाठ. मी त्या पाठीला सांगत होतो, लवकर, लवकर. कुप्या मी परत नीट भरल्या होत्या का, हेही मला आठवत नव्हतं.

गुळगुळीत डॉक्टरांकडे पेशंटच्या खुर्चीत ही पडलेली होती. नाकाच्या डाव्या बाजूपासून ओठापर्यंतचा भाग आधी पांढरा पडला होता म्हणे. मी पोचलो तेव्हा त्यावर जांभळी जाळी उमटली होती. हिने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पेटीकडे बोट केलं, म्हणजे हात नंतर, आधी ते. डॉक्टरांनी झाकण उघडलं. वर भिंतीवर माझी सही.

त्यांनी कुप्यांमागून कुप्या वापरल्या. मग हॉस्पिटल. डोळा वाचला आहे. नाकाशेजारची कातडी किती जगेल ते आठवड्याने कळेल.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये गुळगुळीत डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसले. मी काहीच विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. कुप्या क्वचित लागतात, मुदत संपून फेकल्या जातात, म्हणून संघटनेत एकच पेटी ठेवायची ठरली.

“एरवी ती माझ्याकडेच असते, साहेब. फक्त तुमच्या तपासणीच्या दिवशी बाहेर जाते.”

“मग तपासणीच्या दिवशी फिलर का दिलंत?”

“त्यांना मंगळवारच हवा होता. मंगळवारी मिस्टर उशिरा येतात म्हणाल्या. मिस्टर कोण ते मला माहीत नव्हतं. पेटी साहेबांनी अडवून धरलीय असं मी ओरडलो, तेव्हा त्यांनीच फोन मागितला.”

त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही दिसत नव्हतं. दिसायची सोयही नव्हती. पण शर्ट पाठीवर ओलाचिंब झाला होता.

१५ ऑक्टोबर, सोमवार

घरी आणलं. नाकपुडीशेजारी बोटाच्या पेराएवढी काळी खपली आहे. ती पडेल, खड्डा राहील, असं हॉस्पिटलवाले म्हणतात. मेहुणी राहायला आली आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

दुपारी मी हिच्याजवळ बसलो. सवयीने कपाळाकडे नजर गेली. ते अजून तसंच आहे, काही महिने तसंच राहणार. मला काही कळेना, म्हणून विचारलं, “रागावली आहेस का?”

“हे एकच बघायला येतं तुम्हाला,” ती म्हणाली. तोंड फार न हलवता सावकाश बोलत होती. “दारातून आलात की माझ्या तोंडाकडे बघता. का, तर मी रागावलेय का ते बघायला. नसले रागावलेली की संपलं, पेपर उघडता. मला वाटलं, त्या आठ्याच काढून टाकल्या तर शोधायला काही राहणार नाही, मग तुम्ही नुसतं बघाल. पहिले दोन आठवडे रोज वाट बघितली. तुम्ही वर्तमानपत्रावर कप ठेवून पाहिलात.”

मला वाटलं होतं ते हिच्या लक्षात आलं नसेल.

“मग मला वाटलं, अजून जरा करून घ्यावं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मला लाज वाटली. ती कशी लिहितात ते मला माहीत नाही, त्यामुळे एवढंच लिहितो.

२२ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, झालं ते वाईट झालं. पण पेशंटची तक्रार असली तरच चौकशी बसते. तक्रार नसेल, तर पेटी त्या दिवशी तात्पुरती दुसरीकडे नेली होती असं दाखवता येईल. संघटना महिनाभरात अकरा पेट्या घेईल, प्रमाणपत्रं राहतील, तुमची नोकरी राहील. “आणि वहिनींचंही नाव चारचौघांत यायला नको. या वयात असलं करायला गेल्या, लोक काय तोंडाला येईल ते बोलतात. पेशंट तुमच्या घरातलीच आहे हे एका परीने बरंच झालं.”

चहा चांगला होता. मी पूर्ण प्यायलो. बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की मी साहेबांना हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.

घरी येऊन हिला शब्दाला शब्द सांगितलं. चौकशी बसली तर आठ प्रमाणपत्रांवर मीच सही केली आहे, सर्वांत आधी मी जाईन, हेही सांगितलं. आणि नाव हिचंही होईल. नातेवाइकांत, शेजारी, मुलाच्या मित्रांत.

“साहेब म्हणतात तक्रार करू नको,” ती म्हणाली. “तुम्ही काय म्हणता?”

 मला भीती वाटत होती. निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत आणि मला दुसरं काही येत नाही. येत्या गुरुवारची तपासणी रद्द झाल्याचं आज त्या दहाव्या क्लिनिकला कळवलं, तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं होतं, “म्हणजे सर, पेटी मागवू नको ना?” ते क्लिनिक चालू आहे. आज दुपारीही तिथे कोणीतरी खुर्चीत बसलं असेल.

“कर,” मी म्हटलं.

मेहुणी स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “घ्या, भाऊजी,” म्हणाली.

५ नोव्हेंबर, सोमवार

आज चौकशी झाली. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, पलीकडे तिघंजण, मधल्या अध्यक्षबाई. एका बाजूला गुळगुळीत डॉक्टर आणि त्यांचे वकील, मागे बाकीची क्लिनिकं. मोठे साहेब खिडकीशी बसले होते आणि बाहेर बघत होते. माझी खुर्ची वेगळी, भिंतीला लावलेली.

हिला बोलावलं. खपली पडली आहे, नाकाशेजारी गुलाबी खड्डा दिसतो. मेहुणीने ओढणी तोंडावरून घ्यायला सांगितली होती, हिने ती खांद्यावरच ठेवली. वय विचारलं, तिने खरं सांगितलं. काय करून घ्यायला गेला होतात, असं विचारलं. तिने तेही सगळं, कपाळापासून, मोठ्याने सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. ती थांबली, हसणं संपू दिलं आणि उरलेलं सांगितलं.

वकिलांनी विचारलं, “हेच क्लिनिक का निवडलंत? कोणाच्या सांगण्यावरून गेलात?”

“भिंतीवर प्रमाणपत्र होतं. त्यावरची सही बघून गेले.”

“सही बघून काय कळतं?”

“ती सही मी ओळखते. तो माणूस काटा बघितल्याशिवाय सही करत नाही. काहीही झालं तरी करत नाही. म्हणून गेले.”

मी भिंतीला आणखी टेकलो.

“कोणाची सही?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“ह्यांची.”

“ह्यांची म्हणजे? बाई, नोंदीत नाव यावं लागतं. पूर्ण सांगा.”

लग्न झाल्यापासून ही मला अहो म्हणते. बाहेर ‘हे’, मुलाशी बोलताना ‘तुझे बाबा’. माझं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही, आणि कधी ऐकावंसं वाटलं असंही नाही. ती माझ्याकडे वळली. मग तिने माझं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पुढे हुद्दा आणि कक्ष, एकही अक्षर न गाळता. आवाज अजिबात चढवला नाही. लिहून घेणाऱ्याला हुद्दा नीट ऐकू आला नाही, तर तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मी उभा राहिलो.

“तुम्हाला अजून बोलावलेलं नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बसा.”

मी म्हटलं, “तो मीच.”

“ते येईल नंतर. खाली बसा.”

ही अजून माझ्याकडेच बघत होती. ती रागावली आहे की नाही, हे मला सांगता आलं नसतं, आणि मी ते शोधतही नव्हतो. मी तिच्याकडे बघत होतो. शिपाई येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत मी उभाच होतो.